कार्डाआधी एसएमपीएस पाहा



मुलगा किंवा मुलगी व्हिडिओ एडिटिंगचा, अ‍ॅनिमेशनचा नाहीतर इमारतींचे आराखडे काढण्याचा कोर्स करू लागली की सहा महिन्यांत घरात एक मागणी येतेच. "कॉम्प्युटर ओढत नाही, ग्राफिक्स कार्ड टाकायला हवे." कार्ड म्हणजे काय हे आई-वडिलांना ठाऊक नसते, पण किंमत ऐकली की ते किती मोठे प्रकरण आहे हे कळते. मग भिशी लागण्याची वाट पाहिली जाते, बोनसमधले काही बाजूला काढले जाते, कधी पतपेढीचे छोटे कर्ज होते. आणि एका रविवारी कार्डाचा खोका घरात येतो.

कार्ड बसते. कॉम्प्युटर चालू होतो, पडदा उजळतो, सगळे खूश. पण मुलाने जड काम सुरू केले की पाच-दहा मिनिटांत कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. दुकानदार कार्ड आपल्या दुकानात लावून दाखवतो, तिथे ते उत्तम चालते. मग दोष कुणाचा? बहुतेक वेळा दोष त्या डब्यातल्या, कुणी लक्षच न दिलेल्या एका वस्तूचा असतो. ती वस्तू म्हणजे एसएमपीएस, म्हणजेच पॉवर सप्लाय.

आपल्याकडे कॉम्प्युटर जोडताना सगळा हिशेब प्रोसेसर, रॅम आणि कार्डाचा होतो. शेवटी जे चार पैसे उरतात त्यात "एसएमपीएस कुठलाही टाका" असे म्हटले जाते. कित्येकदा तो कॅबिनेटबरोबर "फ्री" म्हणून येतो. साध्या टायपिंगला, हिशेबाच्या कामाला असा एसएमपीएस वर्षानुवर्षे निभावून नेतो. कार्ड टाकायचे ठरले की मात्र हा हिशेब उलटा करावा लागतो. आधी एसएमपीएस ठरवायचा आणि मग कार्ड. असे का, ते आज पाहू.

हा डबा करतो काय?

आपल्या भिंतीतल्या प्लगमध्ये २३० व्होल्टची वीज येते आणि तिची दिशा सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते. कॉम्प्युटरच्या आतील भागांना अशी वीज चालत नाही. त्यांना एकाच दिशेने वाहणारी, कमी दाबाची वीज लागते. १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट अशा तीन मुख्य दाबांची. हे रूपांतर करण्याचे काम एसएमपीएस करतो. म्हणजे घरात सगळ्यांना ताट वाढणारी माऊली तीच. तिच्याकडे कमी पडले तर पंगतीत कुणीतरी उपाशी राहणार.

पूर्वी, म्हणजे पहिल्या पेंटियमच्या काळात, मुख्य भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असे. २००० साली पेंटियम ४ आला तेव्हापासून प्रोसेसरचा भार १२ व्होल्टच्या लाइनवर गेला. ग्राफिक्स कार्डही आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेते. तेव्हा आजच्या कॉम्प्युटरमध्ये एसएमपीएसची खरी ताकद म्हणजे त्याच्या १२ व्होल्टच्या लाइनची ताकद. बाकी दोन लाइनींवर कितीही आकडे असले तरी त्यांचा कार्डाला उपयोग नाही.

चाळीच्या गच्चीवरची टाकी कितीही मोठी असो, आपल्या मोरीत येणारा नळ अर्धा इंची असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. टाकीवर लिहिलेला आकडा पाहून काय करायचे?

मोठा आकडा आणि खरा आकडा

स्वस्त एसएमपीएसच्या डब्यावर "४५० वॉट" असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्याकडे पाहू नका. डबा आडवा करून बारीक अक्षरांचा तक्ता वाचा. त्यात +१२ व्ही असे लिहिलेल्या रकान्याखाली अँपिअरचा आकडा असतो. त्याला १२ ने गुणा.

समजा तिथे १६ अँपिअर लिहिले आहे. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. म्हणजे "४५० वॉट" नावाच्या या डब्यातून कार्ड आणि प्रोसेसर या दोघांना मिळून मिळणार फक्त १९२. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांतून जमवून बेरीज मोठी दाखवलेली असते. याउलट ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसेल. ४५ गुणिले १२ म्हणजे ५४०. जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथेच.

हा गुणाकार सातवी-आठवीतले मूल करू शकते. दुकानात उभे राहून, मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर तो करा. डब्यावर हा तक्ताच नसेल तर ती वस्तू तिथेच ठेवून बाहेर पडा.

आपल्याला किती वॉट लागतील?

प्रत्येक कार्डाला किती वीज लागते हे कंपनी स्वतः जाहीर करते. काही नेहमीच्या कार्डांचे आकडे असे आहेत. जीटीएक्स १६५० या कार्डाला ७५ वॉट. २०२३ साली आलेल्या आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट. जुन्या बाजारात खूप दिसणाऱ्या, २०१७ सालच्या आरएक्स ५८० ला १८५ वॉट. पाहा, नवे कार्ड जुन्यापेक्षा वेगवान असूनही कमी वीज खाते. म्हणून सेकंडहँड कार्ड स्वस्तात मिळाले तरी त्याच्यासाठी एसएमपीएस मोठा घ्यावा लागेल का, हेही त्याच सौद्यात धरले पाहिजे.

आता एक हिशेब मांडू. घरी इंटेलचा आय-५ १२४०० प्रोसेसर आहे आणि आरटीएक्स ३०६० टाकायचे आहे. प्रोसेसर भर कामात जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो. कार्डाचे १७०. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि पंखे मिळून साधारण ५० धरा. बेरीज झाली ३३७.

मग ३५० चा एसएमपीएस पुरेल का? नाही. पहिले कारण असे की कोणतेही यंत्र सतत शंभर टक्के भारावर राबवले तर ते तापते, त्याचा पंखा किंचाळतो आणि आयुष्य घटते. दुसरे कारण असे की आजची कार्डे क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतात. हा उसळीचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण कमजोर एसएमपीएस तेवढ्यातही मान टाकतो. म्हणूनच २०२२ साली एसएमपीएसच्या नियमावलीची नवी आवृत्ती, एटीएक्स ३.०, आली तेव्हा त्यात अशा उसळ्या सोसण्याची अट घातली गेली.

म्हणून बेरजेवर निदान निम्मी भर घालावी. ३३७ चे झाले ५०५. बाजारात ५५० वॉटचा मिळतो, तो घ्यावा. आरटीएक्स ३०६० साठी कंपनीची शिफारसही ५५० वॉटचीच आहे. म्हणजे घरी केलेला हिशेब आणि कंपनीचा हिशेब जुळला.

इथे पुष्कळ भगिनी विचारतील की ५५० वॉटचा डबा बसवला तर वीजबिल वाढणार का? नाही. एसएमपीएस आपल्याकडे मागितली जाईल तेवढीच वीज देतो. टायपिंग चालू असताना तो ५५० वॉट ओढत नाही. उलट चांगला एसएमपीएस बिल थोडे कमीच करतो. कसे ते पाहा. कॉम्प्युटरला आत २५० वॉट हवे आहेत. हलका एसएमपीएस ७० टक्केच वीज पुढे पोचवत असेल तर तो भिंतीतून ३५७ वॉट घेतो आणि शंभराहून जास्त वॉटची नुसती उष्णता करतो. ८५ टक्के पोचवणारा घेतो २९४. फरक ६३ वॉटचा. रोज सहा तास काम केले तर महिन्याला सुमारे ११ युनिट वाचतात.

ही कार्यक्षमता ओळखण्यासाठी डब्यावर "८० प्लस" अशी खूण असते. ही पद्धत २००४ पासून सुरू आहे. साध्या ८० प्लसचा अर्थ निदान ८० टक्के. त्याच्या वरची पायरी ब्राँझ. निम्म्या भारावर ब्राँझची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या घरात जाते. आपल्यासारख्या घराला ब्राँझ पुरेसा आहे. गोल्ड, प्लॅटिनमच्या मागे लागण्याची गरज नाही.

वायरींची गोष्ट

कार्ड मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसते, तिथून त्याला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लावावी लागते. सहा पिनांच्या वायरीतून ७५ वॉट आणि आठ पिनांच्या वायरीतून १५० वॉट अशी मर्यादा आहे. कार्ड घेण्याआधी त्याच्या माथ्यावर कोणती खाच आहे ते पाहा आणि तीच वायर एसएमपीएसला मुळातच आहे ना, याची खात्री करा.

नसेल तर दुकानदार म्हणतो, "काळजी नको, कन्व्हर्टर लावून देतो." इथे सावध व्हा. हार्ड डिस्कला लावायच्या साटा वायरीच्या टोकाची १२ व्होल्टवरची क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट आहे. तिला कन्व्हर्टर जोडून आठ पिनांच्या खाचेत घातले, तर १५० वॉट मागणाऱ्याला ५४ वॉटच्या वायरीवर टांगल्यासारखे होते. ती वायर तापते, प्लास्टिक वितळते, आणि धूरही निघतो. एसएमपीएसला कार्डाची वायर नाही याचा अर्थच असा की तो बनवणाऱ्यानेही तो कार्डासाठी बनवलेला नाही.

प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारख्या असतात, पण त्यांच्यातली जोडणी उलटी असते. जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवू नये. तसेच काही एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात. जुन्या एसएमपीएसची सुटी वायर नव्याला कधीही लावू नये. टोके सारखी दिसली तरी आतला क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळा असतो. अशा एका चुकीने डिस्क आणि मदरबोर्ड दोन्ही जळू शकतात.

वायर पूर्ण आत बसली पाहिजे. २०२२ साली आरटीएक्स ४०९० हे ४५० वॉटचे महागडे कार्ड आले, तेव्हा जगभरातून त्याच्या सोळा पिनांच्या जोडणीची टोके वितळल्याच्या तक्रारी आल्या. टोक अर्धवट बसणे हे त्याचे एक मोठे कारण निघाले आणि २०२३ साली त्या जोडणीची रचना सुधारली गेली. आपले कार्ड लहान असले तरी धडा तोच.

ऑफिसातून आलेला जुना कॉम्प्युटर

आपल्या पुष्कळ घरांत कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून विकलेले कॉम्प्युटर आहेत. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क अशा नावांचे. वस्तू मजबूत असते, किंमत कमी असते, तक्रार नाही. पण त्यांचा एसएमपीएस ऑफिसच्या कामापुरताच असतो. उदाहरणार्थ ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या उभ्या मोठ्या डब्यात २९० वॉटचा आणि छोट्या डब्यात २५५ वॉटचा एसएमपीएस येतो. शिवाय त्याच्या मदरबोर्डला बाजारातल्या चोवीस पिनांऐवजी आठ पिनांची स्वतःची जोडणी असते. म्हणून नेहमीचा एसएमपीएस आणून त्यात थेट बसत नाही.

अशा कॉम्प्युटरसाठी सरळ मार्ग असा की वेगळी वायर न लागणारे, ७५ वॉटच्या आतले कार्ड घ्यावे. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेले अशी आहेत. २०२४ साली आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड ७० वॉटचे आहे. लक्षात घ्या, त्याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॉटचे आहे आणि त्याला वेगळी वायर लागते. नाव एक, भूक वेगळी. डबा छोटा असेल तर कमी उंचीचे, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड मागावे. खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरातली वीज आणि जिवाची काळजी

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात, असा अनुभव अनेक घरांत असतो. "थोडासा करंट मारतो, सवय झाली" असे म्हणून सोडून दिले जाते. ही सवय चांगली नाही.

एसएमपीएसच्या आत विजेतला खडखडाट गाळण्यासाठी काही भाग बसवलेले असतात. ते अगदी थोडी वीज डब्याकडे सोडतात आणि ती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जावी अशी योजना असते. घरात अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसला असेल, तर ही वीज डब्यावरच राहते. तेवढ्याने सहसा जीव जात नाही. पण आतली एखादी वायर सुटून डब्याला टेकली तर तीच अर्थिंग तुम्हाला वाचवणारी असते, आणि ती तिथे नाही, हाच त्या झिणझिण्यांचा निरोप आहे. म्हणून नवा एसएमपीएस आणण्याआधी परवानाधारक वायरमनकडून घराची अर्थिंग तपासून घ्या. घर भाड्याचे असेल तर घरमालकाला सांगून करून घ्या. पहिला खर्च तो.

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका, मुलांनाही उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब काही काळ साठून राहू शकतो. तो बिघडला तर दुरुस्तीपेक्षा बदलणे बरे. आणि सेकंडहँड एसएमपीएस कधीच घेऊ नका. कार्ड जुने चालेल, एसएमपीएस जुना नको. त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात आणि ते बाहेरून दिसत नाही.

ज्यांच्याकडे यूपीएस आहे त्यांनी आणखी एक हिशेब करावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटच पेलतो. वरच्या उदाहरणात आतली मागणी ३३७ होती. ८५ टक्क्यांच्या हिशेबाने भिंतीतून ती ३९६ होते, आणि मॉनिटर वेगळाच. म्हणजे भर कामात लाइट गेले तर तो यूपीएस भार टाकून देणार आणि मुलाचे काम बुडणार. अशा वेळी १००० व्हीएचा, ६०० वॉट पेलणारा यूपीएस पाहावा, नाहीतर काम दर पाच मिनिटांनी सेव्ह करण्याची शिस्त ठेवावी.

पैसे कमी पडले तर?

हा खरा प्रश्न आहे. हातात ठरावीकच रक्कम आहे आणि कार्ड व एसएमपीएस दोन्ही हवेत. मुलगा म्हणेल, "बाबा, कार्ड मोठे घेऊ, एसएमपीएस नंतर बदलू." त्याचे ऐकू नका, पण त्याच्यावर रागावूही नका. त्याला समजावून सांगा. कार्ड एक पायरी खालचे घेतले तर काम थोडे हळू होईल, दहा मिनिटांचे पंधरा मिनिटांत होईल. एसएमपीएस खालचा घेतला तर काम होणारच नाही, आणि तो जाताना कार्डालाही बरोबर नेऊ शकतो. चांगल्या एसएमपीएसवर तीन, पाच, कधी सात-दहा वर्षांचीही वॉरंटी असते. दोन वर्षांनी कार्ड बदलले तरी तो तसाच कामी येतो.

एकाच कंपनीचे चांगले आणि हलके असे दोन्ही प्रकारचे एसएमपीएस असतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर गावातल्या दुकानात, पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका. हवे तर एवढा भाग कापून जवळ ठेवा.

१. +१२ व्होल्टवर किती अँपिअर? त्याला १२ ने गुणून किती वॉट होतात?
२. माझ्या कार्डाला लागणारी सहा किंवा आठ पिनांची वायर यात मूळचीच आहे का?
३. ८० प्लसची खूण आहे का?
४. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? हा क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो.
५. वॉरंटी किती वर्षांची, आणि ती दुकानाची की कंपनीची?
६. जीएसटीचे पक्के बिल मिळेल ना? दोन पैसे वाचवायला कच्ची चिठ्ठी घेतली तर वॉरंटीच्या वेळी हात हलवत परत यावे लागते.

ज्यांच्या घरी कार्ड आधीच आले आहे आणि जड कामात कॉम्प्युटर बंद पडतो, त्यांनी कार्ड विकायची घाई करू नये. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस तासभर लावून, त्याच्याच वायरींनी, तेच काम करून पाहावे. कॉम्प्युटर टिकला तर दोष सापडला. जळका वास आला किंवा वायरीचे टोक पिवळे-काळे पडलेले दिसले, तर मात्र त्याच क्षणी प्लग काढावा आणि पुन्हा चालू करून पाहू नये.

घाम गाळून मिळवलेला पैसा मुलांच्या हातातल्या हुन्नरावर लावणे हा उत्तम खर्च आहे. तो खर्च वाया जाऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. एक गुणाकार आणि सहा प्रश्न, यापलीकडे त्याला काही लागत नाही.